सोळा पानांचं इंग्रजी

बाई गेल्यावर त्यांच्या सुनेचा फोन आला. "तुम्ही सासूबाईंबरोबर सगळ्यात जास्त वर्षं काम केलंत, त्यांच्यावर चार ओळी लिहून द्या," असं ती म्हणाली. मला लिहायची सवय नाही. आयुष्यात लिहिलं ते म्हणजे कपड्याला टाचायच्या चिठ्ठ्या आणि रजेचे अर्ज. तरी बसलो, कारण बाईंबद्दल एक गोष्ट सुनेलाही माहीत नसावी, आणि ती सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

आमचं दुकान ड्रायक्लीनिंगचं. पुढे काउंटर, तिथे मालक स्वतः बसत. काउंटरमागे धुतलेले कपडे टांगायचा दांडा, त्यामागे कपाटाएवढं मशिन. त्याला पुढून गोल काचेचं दार होतं. मशिनच्या पलीकडे इस्त्रीवाल्याचं टेबल आणि सगळ्यात शेवटी, खिडकीशी, बाईंचं. बाई डाग काढत. शाई, गंज, तेल, रंग, काहीही. वाफेची पिचकारी, दोन ब्रश, हाडाची एक गुळगुळीत पट्टी आणि ओळीने मांडलेल्या बाटल्या, एवढाच त्यांचा संसार. कपडा हातात आला की त्या तीन प्रश्न विचारत: डाग कशाचा, कधीचा, आणि त्याच्यावर आधी कुणी काय शहाणपण केलंय. तिसऱ्या प्रश्नाला गिऱ्हाईक हमखास खाली बघे.

मी तिथे लागलो तेव्हा चौतिशी उलटली होती. आधीचा कारखाना बंद पडून आठ महिने घरी बसलो होतो. मुलगी नुकती इंग्रजी शाळेत दुसरीत गेली होती. मालकांनी तीन महिने बघू म्हणून ठेवलं. काम साधं, आलेले कपडे वेगळे करायचे आणि मशिन चालवायचं. दोन फळ्या होत्या. एकीवर खडूने 'ओलं' लिहिलेलं, म्हणजे पाण्यात धुवायचं. दुसरीवर 'कोरडं', म्हणजे मशिनमध्ये जायचं. पहिल्याच दिवशी मी काचेतून पाहिलं तर कोरडे म्हणवणारे कपडे आत चांगले चिंब होऊन गरगरत होते.

मी बाईंना भीतभीत विचारलं, "हे कोरडं कसं? हे तर भिजतंय."

"पाणी नाही ना त्यात? मग कोरडंच," त्या म्हणाल्या. "इंग्रज माणसाचं सगळं पाण्यावरनं ठरतं. दूध आटलेली गायसुद्धा त्यांच्याकडे ड्राय. तिला काय उन्हात वाळवलीय होय?"

इस्त्रीवाला हसला. "बाईंना इंग्रजी विचारू नकोस. दुपार जाईल."

बाईंचं इंग्रजी हा दुकानाचा अभिमान होता. त्या मोठे मोठे शब्द सहज बोलत. झोप आली की 'ड्राउझी', लवकर निघायचं असलं की 'अर्ली'. टेबलावरची धूळ दाखवून मला म्हणत, "डस्ट! डस्ट पुसायची ड्यूटी कुणाची?" त्या काळी नुकते बाहेरून आलेले तयार कपडे दिसू लागले होते. त्यांना कॉलरच्या आत किंवा शिवणीत इंग्रजी लेबल असे. मालकांची सक्त ताकीद होती की लेबलाचा कपडा बाईंना दाखवल्याशिवाय मशिनमध्ये घालायचा नाही. मी नेऊन दाखवी. बाई चष्मा लावून लेबल खिडकीपाशी धरत, दुसऱ्या हाताने कापड चोळून बघत आणि सांगत, ओलं किंवा कोरडं. कधी चुकल्या नाहीत.

माझे अडीच महिने झाले होते. एका सोमवारी एक कोट आला. दुधासारखा पांढरा, लोकरीचा, त्याला रुपयाएवढी आठ लाल बटणं. मोठ्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंचा होता. त्या येत्या शनिवारी निवृत्त होणार होत्या. निरोपाला घालता यावा म्हणून त्यांच्या धाकट्या बहिणीने तो दूरदेशाहून पाठवला होता. बाहीवर पेटीतला पिवळा डाग पडलेला, म्हणून आमच्याकडे आला.

मी तो बाईंकडे नेला. त्यांच्या हातात वाफेची पिचकारी चालू होती. त्यांनी ती ठेवून लेबल बघितलं. "ड्राय," त्या म्हणाल्या.

लेबलावर चार शब्द होते. मला इंग्रजी येत नव्हतं, पण मोजता येत होतं. "बाकीचं काय आहे, बाई?"

"बाकीचं नेहमीचंच. घाल."

मी घातला. सोबत दोन काळे कोट होते. अकराच्या सुमाराला दार उघडलं. पांढऱ्या कोटाला बटणं उरली नव्हती, आठ ठिकाणी दोऱ्यांचे तुरे तेवढे लोंबत होते. बटणं प्लास्टिकची, मशिनमधल्या रसायनात विरघळली होती. त्यांचा लाल चिकट रंग छातीपासून खालपर्यंत ओघळला होता. काळे कोट काळे म्हणून वाचले.

इस्त्रीवाला येऊन बघून गेला. "मेट्रनबाई ऑपरेशन आटपून आल्या वाटतं," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून मालकांना हाक मारायला गेला.

मालक शाळेत थोडं इंग्रजी शिकले होते. एकेक अक्षर लावत त्यांनी लेबल वाचलं. "डू... नॉट... अरे, यात नको म्हणलंय! ड्रायक्लीन करू नका म्हणून लिहिलंय!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाईंना दाखवला होतास?"

प्रश्न एवढाच होता आणि उत्तरही एका अक्षराचं. मी ते दिलं नाही. जिभेवर होतं, पण निघेना. घरी मी कुठल्या तोंडाने सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"म्हणजे नाही दाखवलास," मालक म्हणाले. "हेच सांगत होतो मी. उद्यापासून येऊ नकोस."

मागे वाफेचा आवाज थांबला. बाई हात पुसत आल्या.

"मालक, सुक्याबरोबर ओलं जाळू नका. त्याने मला दाखवलं होतं. मीच घाल म्हणाले."

"बाई, उगाच त्याला पाठीशी घालू नका. तुम्हाला का हे वाचता येत नाही?"

"नाही येत," बाई म्हणाल्या. "मला इंग्रजी येत नाही."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली. "येत नाही म्हणजे? आणि इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं सोळा पानं येतात."

मग त्यांनी सांगितलं ते असं. बाईंचे मालक, म्हणजे यजमान, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. तिथे एकदा इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेत अर्थ देणारा मोठा कोश बांधायला आला. त्यातला एक फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापलेली सोळा पानं, तिरका छापला म्हणून रद्दीत निघाला. यजमानांनी तो घरी आणला. बाई तेव्हा नवीन लग्न झालेल्या, दिवसभर घरात एकट्या. त्यांनी तो कापला, शिवला आणि वाचला. यजमानांनी अक्षरं दाखवून दिली. दुसरं पुस्तक घरात नव्हतंच. चार वर्षांत सोळाही पानं पाठ झाली. यजमान लवकर गेले. बाई कामाला लागल्या आणि इथे कुणीतरी त्यांच्या तोंडचा एक शब्द ऐकून म्हणालं, अरे वा, बाईंना इंग्रजी येतं!

"तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "गोड लागलं मला ते. कापड बोटांना कळतं, लेबलावर ड्राय दिसलं की कोरडं, नाही दिसलं की ओलं. आजवर निभावलं."

मालकांचा विश्वास बसेना. त्यांनी लेबलावरच्या दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं. "हा काय शब्द आहे?"

"ठाऊक नाही. तो 'एन'चा आहे. मी 'ई'च्या पुढे गेले नाही."

"आणि हा पहिला? हा तर 'डी'चाच!"

"असेल. पण माझं पान 'डी-आर'ला सुरू होतं. हा त्याच्या अलीकडे राहिला."

"आणि हा?"

"ड्राय," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम सरळ झाला. वर्गात उभं राहून म्हणावं तसा. "कोरडा, सुका, वाळलेला. पाऊस नसलेला. तहानलेला. दूध न देणारा, गाईविषयी. काही न लावलेला, पावाविषयी. गोड नसलेली, दारूविषयी. दारू न मिळणारा, गावाविषयी. कफ नसलेला, खोकल्याविषयी. रुक्ष, कंटाळवाणा, भाषणाविषयी. हसू न आणता केलेला, विनोदाविषयी. क्रियापद, वाळवणे, पुसणे, आटणे. ड्रायक्लीन, पाण्याशिवाय धुणे." त्या थांबल्या. "एवढं येतं. त्याच्या आधी 'नको' लिहिलंय, एवढंच तेवढं येत नाही."

कुणी हसलं नाही. इस्त्रीवालासुद्धा.

"शनिवारी सकाळी त्या येणार," मालक म्हणाले. "तोवर कोट पांढरा झाला तर बघू. नाही झाला तर एकाला तरी मला घरी पाठवावंच लागेल. दुकानाचं नाव आहे."

"मग ते आताच ठरवा," बाई म्हणाल्या. "नाही झाला तर मी जाईन. त्याच्या घरी लहान पोर आहे. आणि लेबल मीच वाचलं."

त्या चार दिवसांत मी डाग काढणं शिकलो, म्हणजे निदान ते किती अवघड असतं हे शिकलो. बाईंनी आधी कोटाच्या आतल्या दुमडीवर एकेक बाटली थेंबभर लावून पाहिली. एक निवडली. तिला पिकलेल्या केळ्यांचा वास यायचा आणि दुपारपर्यंत सगळं दुकान केळीच्या वखारीसारखं दरवळायचं. घासायचं नाही, ही पहिली आज्ञा. डागाखाली टिपकागद ठेवायचा, वरून थेंब सोडायचा, हाडाच्या पट्टीने हळूच दाबायचं. लाल रंग खालच्या कागदात उतरे. कागद बदलायचं काम माझं. बदलायला अर्धा क्षण उशीर झाला की रंग पुन्हा वर येई.

"तुझं लक्ष कुठंय? कागद!"

"बाई, ते तुम्ही जातो म्हणालात..."

"मी जाईन तेव्हा जाईन. तो लाल रंग आत्ता चाललाय. कागद!"

माझं डोकं ठिकाणावर राहावं म्हणून असेल, त्या काम करताना बोलत. कोशात प्रत्येक शब्दाच्या शेवटी कंसात बारीक अक्षरात तो शब्द कुठून आला ते दिलेलं असे, आणि तेच त्यांना सगळ्यात आवडे. ड्राय हा फार जुना, इंग्रजी बोलणाऱ्यांच्या खापरपणजोबांच्या तोंडचा शब्द. त्याचं एक भावंड 'ड्राउट', म्हणजे अवर्षण. दुसरं 'ड्रेन'.

"ड्रेन म्हणजे गटार ना?" मी विचारलं.

"आता गटार. मुळात पाणी काढून कोरडं करणं. म्हणजे बघ, सगळ्यात ओली जागा, आणि कुळ कोरड्याचं. माणसांतही असतं असं."

"आणि ड्रग? औषध?"

"त्याचं नक्की नाही. वाळवलेल्या मालाच्या पिंपांवरनं आला असेल, असं काही जण म्हणतात. 'काही जणांच्या मते' असं लिहिलंय तिथे." बाईंनी पट्टी उचलली. "कोशात मला तेच आवडतं. माहीत नसलं की तसं लिहून टाकतात. मला ते जमलं नाही."

बुधवारी घरी मी मुलीच्या पुस्तकात बघून घेतलं. "बाळ, डी-ओ म्हणजे काय? आणि एन-ओ-टी?"

ती हसून लोळायला लागली. "बाबा! हे पहिलीतलं आहे!"

गुरुवारी मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बघ. आपलं पहिलीतलंच राहून गेलं." नंतर त्यांनी बाटलीच्या चिठ्ठीमागे माझ्याकडून ते दोन शब्द लिहून घेतले. माझं अक्षर वाईट होतं, पण त्यांनी ती चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली.

(जाता जाता सांगतो. 'शंका' या अर्थाचा इंग्रजी शब्द, 'डाउट', हाही त्यांच्या पानांच्या अलीकडेच राहिला होता. मुलीने मला पुढे दाखवला. बाईंना तो मी मुद्दाम सांगितला नाही.)

शुक्रवारी दुपारी कोट पांढरा झाला. अगदी पांढरा म्हणत नाही. डाव्या कॉलरखाली अंगठ्याएवढी गुलाबी झाक राहिली. ती काढायला गेलं असतं तर कापडाचा पोत गेला असता. "इथे थांबायचं," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. बटणांच्या डब्यातून त्यांनी आठ मोत्यासारखी बटणं शोधली. सात सारखी होती, आठवं किंचित मोठं. ते सगळ्यात खाली लावलं.

शनिवारी सकाळी मेट्रनबाई आल्या. उंच, ताठ, रुग्णांनी घाबरावं अशा. मी दांड्यामागे उभा होतो. मालक काही बोलायच्या आत बाईंनीच पुढे होऊन सगळं सांगितलं, सोळा पानांसकट. त्यांनी कॉलर उलटून गुलाबी झाकही दाखवली.

मेट्रनबाईंनी कोट नाकाशी नेला. "केळी?"

"औषधाचा वास आहे. दुपारपर्यंत जाईल."

"चाळीस वर्षं फिनेलचा वास घेतलाय मी. केळी चालतील." त्यांनी कोट अंगावर चढवून आरशात पाहिलं. एकेक बटण लावलं. शेवटच्या, मोठ्या बटणापाशी बोटं जरा थांबली. "ती लाल बटणं मला जोकरासारखी वाटत होती. पण बहिणीने हौसेने पाठवला, बोलणार कसं? आता म्हणेन, दुकानात गेली." मग त्या मालकांकडे वळल्या आणि आवाज बदलला. "हसतेय म्हणून सोडून दिलं असं समजू नका. माझ्या वॉर्डात कुणी बाटलीवरचं अर्धंच वाचलं असतं तर माणूस गेला असता. लेबल पूर्ण वाचणारं कुणीतरी ठेवा. आणि या बाईंना घालवू नका. चूक झाली की आमच्याकडे आधी कागद लपवतात."

त्या गेल्यावर मालकांनी आम्हा दोघांना काउंटरपाशी बोलावलं. "बाई, तुम्ही डाग काढा. लेबलांना हात लावायचा नाही." मग माझ्याकडे बोट केलं. "लेबलं आजपासून तू वाचायचीस."

"मला येत नाही, मालक."

"येत नाही म्हणतोस ना? तोच पाहिजे मला. मुलगी दुसरीत आहे ना तुझी? शीक तिच्याकडून. आणि अडलं तर मला विचार."

असा मी राहिलो. तीन महिन्यांच्या बोलीवर आलेला मी तिथे एकतीस वर्षं राहिलो. संध्याकाळी मुलगी अभ्यासाला बसे तेव्हा मीही शेजारी बसे. ती माझ्या चुका लाल पेन्सिलीने काढी आणि शेवटी शेरा मारी, 'प्रगती बरी'. तिचं पुढचं शिक्षण, लग्न, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्या दुकानातल्या कामावर झालं. दुकानात बाईंना कुणी नंतर इंग्रजीवाल्या म्हटलं नाही. इस्त्रीवाल्याने काही दिवस 'सोळा पानी' म्हणून पाहिलं. बाई त्याला म्हणाल्या, "तुझी किती पानं झाली रे?" आणि त्याने ते सोडलं.

पण मूळ गोष्ट राहिलीच. बाईंनी माझ्यासाठी आपली अब्रू चारचौघांत काढून ठेवली, आणि मी तेव्हा नुसता उभा होतो. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी चांगला अर्थ घेतला असावा असं मला वाटे. मी त्यांचं नाव सांगितलं नाही, स्वतःवर घेतलं, असं. खरं तसं नव्हतं. खरं हे की मी घाबरलो होतो. रोज त्यांच्या टेबलापाशी जायचो आणि हे न सांगता परत यायचो.

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. त्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या, मुलाकडे राहत. नजर अधू झाली होती, पण माझ्या सदऱ्याच्या बाहीवर हात फिरवून म्हणाल्या, "मिश्र सूत. इस्त्री कुणी केलीय? घाईत केलीय." सून चहा ठेवून आत गेली. मी सगळं सांगितलं. माझं गप्प बसणं मोठेपणाचं नव्हतं, मालकांनी आणखी दोनदा विचारलं असतं तर कदाचित मी तुमचं नाव सांगितलंही असतं, आणि नसतंही, मला खरंच ठाऊक नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. "हे तू इतकी वर्षं घेऊन फिरतोयस?"

"हो."

"अरे, तुझे पाय लटपटत होते ते मला तिथून दिसत होतं. मोठेपणा कुठला? तू अडकला होतास. नाटकात उभा राहिलेला माणूस ऐन वेळी बोलायचं विसरतो ना, तसा." त्या हसल्या. "त्यालाही इंग्रजीत ड्रायच म्हणतात. त्या दिवशी मालकांपुढे यादी म्हणताना हा अर्थ मी गाळला. मुद्दाम. तू समोरच होतास."

मी कप उचलून पुन्हा खाली ठेवला. मग त्याच म्हणाल्या, "पण आता सुटलास ना? बोललास. घे, चहा घे, निवतोय."

मी चहा घेतला. आणि मग, त्यांनी हात हलवून नको नको म्हटलं तरी, मुलीच्या पहिल्या पगारापासून घराच्या दारापर्यंत कायकाय त्यांच्यामुळे झालं ते एकेक करून सांगितलं. पहिल्यांदाच. संध्याकाळ झाली तरी संपेना. सून दिवा लावायला आली तेव्हा मी अजून बोलतच होतो, आणि बाई डोळे मिटून, मान हलवत, ऐकत होत्या.